वडावरची मांजरी आणि कच्चे सूत

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक जुना वड आहे. नांदेड, मुदखेड अशा ठिकाणी संस्कृतचा अध्यापक म्हणून आयुष्य काढल्यावर मी पत्नीच्या माहेरगावी, उदगीरला, घर केले, ते बरेचसे या वडाकडे पाहून. सकाळची संध्या आटोपली की पारावर घटकाभर बसावे, पानांतून झिरपणारे ऊन पाहावे, एखादे स्तोत्र मनातल्या मनात घोळवावे, एवढीच निवृत्तीविषयीची माझी कल्पना होती. गल्लीने तिच्यात एका कामाची भर घातली. तिथी, मुहूर्त, सोयर, सुतक यांविषयी शंका आली की येथील स्त्रिया माझ्या ओट्याशी येतात, आणि वटपौर्णिमेला पारावर बसून व्रताची कथा मीच वाचतो.

वडासमोर, रस्त्याच्या पलीकडे, अव्वांचे किराणा दुकान आहे. अव्वा म्हणजे कानडीत आई. कर्नाटकाची सीमा जवळ असल्यामुळे हा शब्द आमच्या गावाला परका नाही, आणि त्या बाईंना सारी गल्लीच अव्वा म्हणते. दुकान त्यांच्या यजमानांचे. ते गेल्यापासून अव्वा स्वतः गल्ल्यावर बसतात. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात इष्टलिंग, आणि बोलणे नेमके कामापुरते. पूजेचे साहित्यही त्यांच्याकडेच मिळते: कापूर, वाती, हळकुंडे, आणि ज्येष्ठ लागला की कच्च्या सुताच्या गुंड्या. आमचा वड दरवर्षी अव्वांच्या दुकानातील सुतानेच वेढला जातो. पौर्णिमेच्या सकाळी मात्र त्या दुकानाचे दार ओढून घेतात आणि आत बसून राहतात. तसे कोणी त्यांना सांगितल्याचे मी ऐकलेले नाही. अशा गोष्टी कोणी सांगाव्या लागत नाहीत.

त्यांची मांजरी यजमानांच्या वेळची. तुरीच्या पोत्यांमागे कोणीतरी टाकून गेलेले राखी रंगाचे पिल्लू त्यांना सापडले आणि त्यांनी ते सदऱ्याच्या खिशात घालून घरी आणले. पुढे यजमान आजारी पडले तेव्हा ती त्यांच्या पायांशी झोपे. ते गेल्यावर काही दिवस रिकाम्या खाटेवर झोपली, आणि मग एका रात्री आपण होऊन अव्वांच्या पायांशी आली. हे अव्वांनी माझ्या पत्नीला सांगितले होते. मुलगा आणि सून लातूरला असतात. बोलावतात, पण अव्वा जात नाहीत. "हिला कोण बघंल?" एवढेच म्हणतात.

ही मांजरी आमच्याही घरी येत असे. मी स्नान करून येईतो माझ्या दर्भासनावर ती अंगाचे वेटोळे करून बसलेली असायची. मी तिला संस्कृतात हाकलीत असे आणि पत्नी मराठीत. तिला दोन्ही कळत नसे. अव्वा रस्त्यापलीकडून "बा, बा" म्हणाल्या की मात्र शेपटी उभारून निघे. बा म्हणजे ये. "मांजर कानडी हाय," पत्नी म्हणे, "तुमचं व्याकरण तिला काय उपेगाचं?"

ज्या वर्षीची ही आठवण आहे, त्या वर्षी आमच्या शेजारणीच्या घरी नवी सून आली होती. शेजारीण शेतकरी घरातील. गावाबाहेर त्यांची जमीन आहे, मुलगा लातुरात नोकरीला. बाई मायाळू, पण चिंता करण्यात त्यांचा हात धरणारे कोणी नाही. सून किनवटाकडची, जंगलाच्या कडेला वाढलेली, सडसडीत आणि अबोल. तिची पहिलीच वटपौर्णिमा. आदल्या दिवशी शेजारीण एक दोऱ्याचे रीळ घेऊन माझ्याकडे आल्या.

"बघा गुरुजी, ओढून बघा. तुटतंय का?"

मी ओढून पाहिला. शिलाईचा पक्का दोरा होता. बोटाला काचला, पण तुटला नाही.

"रूढी कच्च्या सुताची आहे," मी म्हणालो.

"रूढीचं ठीक हाय हो! पण अव्वाचं सूत दोन फेऱ्यांत तुटतंय. माझ्या पहिल्या वर्षाला तुटलं, तर सासूनं वरीसभर बोलून बोलून बेजार केलं. नवरा जरा खोकला तरी माझ्याकडं बघायची. मी माझ्या सुनंच्या जिवाला तसला घोर लावणार न्हाई. पक्कं असल्यावर चांगलंच की!"

या युक्तिवादात प्रेम इतके होते की मी रीळ मुकाट्याने त्यांना परत दिले.

पौर्णिमेचा दिवस कोरडा आणि उकाड्याचा उजाडला. पारावर आंबे, फणसाचे गरे, गव्हाच्या ओट्या, उदबत्त्यांचा धूर. बायका बुंध्याभोवती फिरत होत्या आणि पांढऱ्या सुताचे वेढे एकावर एक चढत होते. कथा वाचून मी पोथी बांधून ठेवली. शेजारणीची सून हिरवा शालू सावरीत, हातातले रीळ सोडीत फेऱ्या घालीत होती. फेऱ्या निम्म्यावर आल्या असतील, तोच रीळ तिच्या हातून निसटले आणि उड्या घेत पाराखाली गेले.

मांजरीपुढून दोरा पळत गेला तर मांजरीने काय करावे? ती अव्वांच्या पायरीवरून उठली, रस्ता ओलांडला आणि रिळावर झेपावली. पोटाखाली घेतले, मागच्या पायांनी लाथाळले, लोळली. आम्ही हसत होतो. तेवढ्यात नैवेद्याच्या वासाने आलेले एक कुत्रे तिच्या अंगावर धावून गेले. ती जी उसळली, ती पारंबीवरून थेट वडावर. दोरा तिच्या मागच्या पायात गुरफटला होता. ती फांद्यांतून इकडे तिकडे वर गेली तसा तोही तिच्यामागे ओवला गेला, आणि मग एका उंच दुबेळक्यापाशी ताणून थांबला. एक टोक सुनेच्या व्रताच्या वेढ्यांत, बुंध्याला. दुसरे मांजरीच्या पायाला, आणि रीळ खाली रिकामे.

प्रथम कोणाला त्याचे गांभीर्य वाटले नाही. मांजर चढते तसे उतरते, असे प्रत्येकीचे म्हणणे. पण तिने उतरायला पाय टाकला की दोरा आवळे, ती मागे खेचली जाई आणि नख्यांनी साल ओरबाडीत पुन्हा दुबेळके गाठी. शिवाय वडावर कावळ्यांची घरटी होती. तिला पाहताच दोन कावळे आले, मग आणखी आले, आणि आळीपाळीने तिच्या डोक्यावर झेप घेऊ लागले. ती अंग चोरून, कान पाडून, तोंड उघडून ओरडत होती. इतक्या उंचीवरून पडती तर खाली पाराचा दगड होता.

"मने, मने, ये गं, ये," बायका खालून बोलावीत होत्या. ती त्यांच्याकडे पाहतसुद्धा नव्हती.

एकीने नगरपालिकेला फोन लावला. आग विझवायची गाडी एका खेड्यात कडब्याची गंज पेटली म्हणून गेली होती. आली की पाठवतो, असे उत्तर मिळाले. दुसरी म्हणाली, "दोरा तोडा की खालून. मोकळी व्हईल."

"हात लावू नका!" शेजारीण बुंध्याला पाठ लावून उभ्या राहिल्या. "पहिलं वरीस हाय पोरीचं. फेऱ्याबी पुऱ्या न्हाईत. माझा लेक रोज लातुराच्या रस्त्याला मोटारसायकल घालतोय. दोरा तोडायचं नाव काढू नका."

"मग मांजर मरू द्यायचं का? काशीला सोन्याचं मांजर द्यावं लागतंय, माहीत हाय ना?"

शेजारणीचा चेहरा कसनुसा झाला. त्या माझ्याकडे वळल्या. "गुरुजी, तुम्ही सांगा. शास्त्र काय म्हणतंय?"

खाली तोडून काम होणार नव्हते, कारण दोरा वरच फांद्यांत अडकला होता. पण प्रश्न तो नव्हता. मी व्रतांचे ग्रंथ मनात चाळले. वृक्षाची पूजा, सूत्रवेष्टन, प्रदक्षिणा, दान, सर्व सापडले. पूजलेल्या वृक्षावर मांजर अडकल्यास काय करावे याविषयी ऋषी मौन बाळगून होते. मी एवढेच म्हणालो, "व्रत संकल्पात असते, बाई. सूत ही त्याची खूण." हे वाक्य मी अनेकदा वर्गात म्हटले होते. त्या दिवशी ते पारावर पडले आणि तेथेच राहिले. मुलाच्या जिवाची चिंता वाहणाऱ्या आईला वाक्ये पुरत नाहीत.

तेव्हा माझे लक्ष रस्त्यापलीकडे गेले. अव्वांच्या दुकानाचे दार किलकिले झाले होते. त्या उंबऱ्याच्या आत उभ्या होत्या, पदराचे टोक तोंडाशी घट्ट धरलेले, नजर वर. पाऊल बाहेर नव्हते. वरून मांजरीचा आवाज आला की दार आणखी बोटभर उघडे. एका हाकेचे अंतर होते, आणि हाक त्यांनाच मारता येत होती.

मी घरातून शिडी आणली आणि पाराला लावून पहिल्या पायरीवर पाय ठेवला. पत्नीने धोतराचा सोगा धरला.

"उतरा खाली. आधी तुम्हाला काढायचं का मांजराला?"

मी उतरलो. आजूबाजूला पुरुषमाणूस कोणी नव्हते, कामाची वेळ. तेव्हा सून पहिल्यांदाच बोलली.

"आत्या, मी जाते."

"कुठं जातीस?"

"वर."

"बाई गं! शालू नेसून झाडावर? लोक काय म्हणतील?"

"आमच्याकडं चिंचंवर, मोहावर आम्हीच चढायचो. हे झाड तर सोपं हाय. लई फाटे हायत."

"ते माहेर! आन् पूजा केलेल्या झाडावर पाय देतीस? गुरुजी, सांगा हिला."

या वेळी मला उत्तर सापडले. बालकांचे रक्षण करणारी जी षष्ठीदेवी, जिला आपल्याकडे सटवाई म्हणतात, तिचे वाहन मांजर आहे. नव्या सुनेने तिच्या वाहनाला हात दिला तर देवी कोपेल कशी? "पाय धुवावेत, वृक्षाला नमस्कार करून क्षमा मागावी आणि चढावे," मी म्हणालो. सटवाईचे नाव निघताच शेजारीण विरघळल्या. नातवंडाचा विचार त्यांच्या मनात आला असावा. "सावकाश जा गं," एवढेच म्हणाल्या. दोऱ्याविषयी मात्र काही बोलल्या नाहीत. बुंध्यावरचा हातही काढला नाही.

सुनेने तांब्यातील पाणी पायांवर घेतले, बुंध्याला कपाळ टेकले, शालूचा कासोटा घालून पदर कमरेला खोचला आणि चढू लागली. ती ज्या सहजतेने फांदीवरून फांदीवर गेली, ती पाहत बायका शिडीपाशी गोळा झाल्या. पण ती जवळ जाताच मांजरी घाबरली. फिसकारली, मागे सरली, दोरा ताणला गेला आणि तिचा एक पाय फांदीवरून सुटला. सून जागीच थांबली.

"ही मला धरू द्यायची न्हाई," ती वरून म्हणाली. "वळखीचं कुणी बोललं पायजे तिच्याशी."

सगळ्यांच्या माना रस्त्यापलीकडे वळल्या, आणि लगेच परतही फिरल्या. बोलली ती माझी पत्नी, आणि तीही आमच्याशी नव्हे. ती पार उतरली, रस्ता ओलांडून दाराशी गेली.

"चला अव्वा."

"मी कशी येऊ? आज..."

"मांजराला तिथी कळत न्हाई. चला."

पत्नीने त्यांचा हात धरला होता की त्यांनी पत्नीचा, हे मला सांगता येणार नाही. दोघी पारापर्यंत आल्या. तेथे अव्वांचे पाऊल थबकले. शेजारीण बुंध्याला टेकून समोरच उभ्या होत्या. क्षणभर त्यांनी अव्वांकडे पाहिले, आणि मग बाजूला सरकून जागा केली. "या अव्वा, इथनं दिसती ती."

अव्वांनी मान वर केली. "बा," त्या म्हणाल्या. कावळ्यांच्या कलकलाटात ते वर पोहोचले नाही. पुन्हा म्हणाल्या, "बा, कंदा, बा." कंदा म्हणजे बाळ. मग त्या कानडीत काहीतरी बोलत राहिल्या, संथ, एकसुरी, अंगाई म्हणावी तसे. मला त्यातील शब्द कळले नाहीत. मांजरीचे कान मात्र उभे राहिले. ती ओरडायची थांबली. कावळे झेप घेतच होते, तरी तिची नजर खाली अव्वांवर खिळून राहिली.

सून इंचाइंचाने पुढे सरकली. एका हाताने फांदी धरून तिने दुसरा हात मांजरीच्या मानेकडे नेला. त्याच वेळी एक कावळा सुनेच्याच डोक्यावर झेपावला. ती दचकली, तिचा पाय घसरला. फांदी हातात होती म्हणून सावरली. पण मांजरी सुटली होती. ती पायाच्या दोऱ्यावर उलटी लोंबकळत होती, आणि तिच्या वजनाने दोरा त्या इवल्या पायात रुतत होता. खाली अव्वा बोलायच्या थांबल्या. त्यांनी दोन्ही हात पसरले, जणू एवढ्या उंचीवरून पडणारे काही त्यांच्या हातांत मावणार होते.

"धर तिला! धर, आन् तोड गं! तोड तो दोरा!"

ओरडल्या त्या शेजारीण. बुंध्यावरचा हात त्यांनी केव्हाच काढला होता.

सुनेने खाली वाकून मांजरीची मान पकडली. मानेला धरताच मांजरीने चारही पाय सैल सोडले. भक्तीचे दोन प्रकार मी वर्गात शिकवीत असे: माकडाचे पिल्लू आईला स्वतः घट्ट धरून ठेवते, मांजराचे पिल्लू काहीच करीत नाही, आईच त्याला मानेला धरून नेते. माकडासारखी चढलेली ती मुलगी मांजरीसारखी ओझे उचलीत होती, आणि दोहोंपैकी श्रेष्ठ कोणता हा वाद मला त्या क्षणी फार दूरचा वाटला. तिने दोरा दातांत धरून झटका दिला. तो तुटेना. पुन्हा दिला. पक्का दोरा तो. पाहणाऱ्या शेजारणीच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. "माझीच मेलीची अक्कल," त्या पुटपुटत होत्या.

पत्नी त्यांच्या शेजारी उभी होती. "म्हणून तर कच्चं सूत असतंय," ती हलकेच म्हणाली. टोचून नव्हे, ते तिलाही त्याच क्षणी उमगले असावे.

शेवटी दोरा तुटला. सुनेने मांजरीला ओटीत घेतले, पदराने वरून बांधले आणि एका हाताने पोट सांभाळीत उतरू लागली. सकाळीच त्या ओटीत गहू घातले होते. चढताना गहू फांद्यांतून सांडून गेले होते. ती पारावर आली तेव्हा केसांत काटक्या होत्या, शालूची जर एका जागी उसवली होती, आणि ओटीतून एक राखी कान बाहेर डोकावत होता.

अव्वा हात पुढे करून उभ्या होत्या. पण सुनेने मांजरी हातांत दिली नाही. म्हणाली, "पदर धरा, अव्वा."

अव्वांनी पदर पुढे धरला. ज्या पदरात त्या दिवशी कोणी काही घालीत नाही, त्यात तिने आपली ओटी रिकामी केली. मांजरीबरोबर गव्हाचे चार दाणेही गेले. अव्वा खाली बसल्या. मांजरीच्या पायातला दोरा सोडवण्याचा त्या प्रयत्न करीत होत्या, पण डोळ्यांपुढे काही दिसत नसावे. शेवटी पत्नीने तो सोडवला. पाय सुजला होता, मोडला नव्हता. अव्वांनी मांजरीच्या कपाळाला आपले भस्माचे कपाळ लावले. उदबत्त्या विझल्याचे कोणाच्या लक्षात आले नाही.

"लागलं का गं तुला कुठं?" शेजारणीने सुनेला विचारले आणि तिच्या केसांतील काटक्या काढू लागल्या.

"न्हाई, आत्या. पण फेऱ्या राहिल्यात."

"दोरा कुठाय आता?"

अव्वांनी मान वर केली. जरा घुटमळल्या. मग म्हणाल्या, "सूत हाय दुकानात. तुमच्या मनात असंल तर... कुणी जाऊन घ्या. मी हात लावत न्हाई."

शेजारीण सुनेच्या केसांतला हात तसाच ठेवून थांबल्या. गल्लीतील सगळ्या बायका त्यांच्याकडे पाहत होत्या. मीही पाहत होतो, पोथी हातात घेऊन. कोणी मला शास्त्र विचारले नाही.

"सूत तुमचं, तर हातबी तुमचाच पायजे," शेजारीण म्हणाल्या. "जा, आणा. त्या बयेला द्या माझ्याकडं. द्या, न्हाई सोडत मी तिला."

अव्वा दुकानात गेल्या आणि सुताची गुंडी घेऊन आल्या. सुनेच्या ओंजळीत ठेवली. सुनेने वाकून त्यांच्या पायांना हात लावला, तेव्हा अव्वा एक पाऊल मागे सरल्या, मग थांबल्या आणि तिच्या मस्तकावर हात ठेवला. काय पुटपुटल्या ते कानडीत होते.

उरलेल्या फेऱ्या तिने उन्हातच घातल्या. अव्वा पारावर बसून राहिल्या होत्या, मांजरी परत त्यांच्या मांडीवर. पांढरे सूत समोरून हलत गेले की त्या लबाड जनावराचा पंजा पुढे होई, आणि अव्वा तो मुठीत धरून ठेवीत. "धरा अव्वा, घट्ट धरा," शेजारीण हसत म्हणत होत्या, "न्हाईतर पुन्हा शिडी!"

शेवटच्या फेरीत सूत तुटले. सून थबकली आणि सासूकडे पाहू लागली.

"गाठ मार आन् चल," शेजारीण म्हणाल्या.

तिने दोन टोके बोटांत धरून गाठ मारली आणि चालू लागली.